शब्दाच्या शेवटी काय लिहायचे?

एसटीच्या गाडीवर दोघांची ड्युटी असते, ड्रायव्हरची आणि कंडक्टरची. मराठीत दोघेही ‘र’वर संपतात. इंग्रजीत लिहायला बसले की ड्रायव्हरच्या शेवटी ई-आर येतो आणि कंडक्टरच्या शेवटी ओ-आर. त्यांच्या वरचा डेपो मॅनेजर ई-आर, वाटेत तिकिटे तपासायला चढणारा इन्स्पेक्टर ओ-आर. जिल्ह्याचे कलेक्टर ओ-आर, मंत्रालयातले मिनिस्टर ई-आर आणि विद्यापीठाचे रजिस्ट्रार ए-आर. पण त्यांच्या टेबलावरचे रजिस्टर पुन्हा ई-आर. दुकानात दोन मीटर कापड घेतले तर ब्रिटिश रिवाजाप्रमाणे शेवटी आर-ई, आणि जिन्याखाली बसवलेला विजेचा मीटर मात्र ई-आर. कानाला सगळीकडे एकच ऐकू येते, हाताला मात्र चार तऱ्हांनी लिहावे लागते.

हे पुस्तक या शेवटच्या दोन-चार अक्षरांबद्दल आहे. नोकरीचा अर्ज, कंपनीचा अहवाल, दुकानाची पाटी, शाळेची नोटीस, काहीही तपासायला घ्या. लाल शाई शब्दाच्या शेवटापाशी हमखास अडखळते. ‘अटेंडन्स’मध्ये ए की ई, ‘परमिशन’मध्ये एस एक की दोन, ‘रिस्पॉन्सिबल’मध्ये ए की आय, ‘लायसन्स’मध्ये सी की एस? या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घोकून मिळवली. एस-टी-ए-टी-आय-ओ-एन स्टेशन, असे वर्गाने एका सुरात म्हटलेले स्पेलिंग पन्नाशीतही विसरले जात नाही. जे घोकले ते पक्के बसले आणि जे घोकायचे राहिले त्याची धाकधूक कायमची मागे लागली. मग ‘इंग्रजीला काही ताळतंत्रच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

ताळतंत्र आहे, पण ते कानाला कळत नाही. शब्दाचा शेवट कसा लिहायचा हे उच्चारावरून नव्हे, तर शब्दाच्या नात्यागोत्यावरून ठरते, एवढेच या पुस्तकाचे म्हणणे आहे. नाते शोधायची सवय लागली की घोकंपट्टीचे ओझे बरेच हलके होते. सगळे उतरत नाही, पण जे उरते ते पाठ करण्याइतके थोडे असते.

आधी कानाची अडचण समजून घेऊ. मराठी बोलताना आपण शब्दातल्या बहुतेक स्वरांना त्यांचा मान देतो. ‘सरकारी’ म्हणताना ‘का’ आणि ‘री’ दोन्ही स्पष्ट येतात. इंग्रजीची चाल वेगळी आहे. तिथे लांब शब्दातल्या एखाद्या स्वरावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर दबून जातात. असा दबलेला स्वर लिहिताना ए असो, ई असो, आय असो की ओ, बोलताना त्याचा एक आखूड, पुसट ‘अ’ होतो. भाषाशास्त्रात त्याला ‘श्वा’ म्हणतात. हे नाव हिब्रूच्या व्याकरणातून आले. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त येणारा स्वर हाच. शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययांवर सहसा जोर पडत नाही, म्हणून नेमके तिथेच सगळे स्वर सारखे होतात. ‘टीचर’मधला ई, ‘ॲक्टर’मधला ओ आणि ‘डॉलर’मधला ए लंडनच्या माणसाच्या तोंडीही एकच असतो, शेवटचा ‘र’ तर तो उच्चारतही नाही. तेव्हा ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांना हे आपसूक येत असेल, हा समज सोडून द्यावा. या बाबतीत त्यांचा कानही आपल्याइतकाच निरुपयोगी आहे.

मग उच्चार एकच असताना अक्षरे वेगवेगळी का राहिली? कारण हे शब्द वेगवेगळ्या घरांतून आले. ई-आर हा इंग्रजीचा मूळचा, जर्मानिक घराण्यातला प्रत्यय. काम करणाऱ्याला लावायचा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात व न्यायालयात फ्रेंच आली. चर्चची आणि विद्येची भाषा लॅटिन होतीच. पुढे विज्ञानाने ग्रीकमधून शब्द घेतले. प्रत्येक शब्द येताना आपल्या घरचा शेवट घेऊन आला. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत छापणाऱ्यांच्या हातून स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले. अक्षर जागेवर राहिले आणि आवाज पुढे निघून गेला.

यात निवाडा करणारे कोणी नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. फ्रान्समध्ये १६३५ पासून फ्रेंच अकादमी आहे. तशी संस्था इंग्लंडमध्येही असावी, असा प्रस्ताव लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ साली मांडला. तो तसाच राहिला. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश आला आणि इंग्लंडने तो प्रमाण मानला. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८च्या आपल्या कोशात ‘सेंटर’, ‘थिएटर’ यांचा आर-ई काढून ई-आर केला, ‘कलर’मधला यू वगळला. इंग्रजी स्पेलिंग ठरले ते असे, कोशकारांच्या आणि मुद्रकांच्या टेबलावर. मराठीचे तसे नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि ‘कवि’चा ‘कवी’, ‘गुरु’चा ‘गुरू’ झाला. कोणाला ते पटले, कोणाला नाही. पण दाखवायला नियम आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला दाखवायला असा नियम नाही, त्याच्याकडे फक्त परंपरा आहे.

मराठीच्या त्याच नियमात एक गंमत आहे आणि तिचा इंग्रजी शिकताना उपयोग होतो. ‘कवी’ दीर्घ लिहितो, पण समास झाला की ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व होते. शब्द वाढला की मूळचे अक्षर वर येते. इंग्रजीतही शब्दाला पुढे काही जोडले की पुष्कळदा जोराची जागा बदलते, आणि दबलेला स्वर स्पष्ट ऐकू येतो. ‘मेजर’चा शेवट ओ-आर की ई-आर? ‘मेजॉरिटी’ म्हणून पाहा, ओ ऐकू येईल. ‘मायनर’ला ‘मायनॉरिटी’, ‘सीनियर’ला ‘सीनियॉरिटी’, ‘एडिटर’ला ‘एडिटोरियल’, ‘ऑथर’ला ‘ऑथॉरिटी’. उलट ‘पॉप्युलर’ची ‘पॉप्युलॅरिटी’ आणि ‘रेग्युलर’ची ‘रेग्युलॅरिटी’ होते, म्हणजे तिथे ए-आर. ‘ग्रामर’च्या शेवटी अनेकजण ई-आर लिहितात, त्यांनी एकदा ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणावे, पुन्हा चूक होणार नाही. मिनिस्टर लॅटिनमधून आलेला असूनही ई-आर का, याचे उत्तर ‘मिनिस्टीरियल’ देते.

हीच युक्ती ‘ल’वर संपणाऱ्या शब्दांनाही लागू पडते. सायकल, पार्सल, मेडल, लोकल, हॉस्पिटल, टेबल: मराठीत सगळे एका माळेचे मणी. इंग्रजीत सायकल आणि टेबल एल-ई, पार्सल ई-एल, बाकीचे ए-एल. मुंबईच्या लोकलचा ए ‘लोकॅलिटी’त ऐकू येतो. हॉस्पिटलचा ‘हॉस्पिटॅलिटी’त, पर्सनलचा ‘पर्सनॅलिटी’त, मेंटलचा ‘मेंटॅलिटी’त, फॉर्मलचा ‘फॉर्मॅलिटी’त. हे सगळे शब्द आपण मराठी बोलतानाही वापरतो. म्हणजे उत्तर आपल्याच तोंडात असते, आपण ते विचारत नाही इतकेच.

आता एक शेवट जरा जवळून पाहू, कारण मराठीत त्याची गर्दी मोठी आहे: ‘शन’. स्टेशन, रेशन, पेन्शन, टेन्शन, कमिशन, फॅशन, ऑपरेशन, इंजेक्शन, ॲडमिशन. ऐकायला शेवट एकच, लिहायला चार तऱ्हा. स्टेशन, रेशन, ऑपरेशन, इंजेक्शन यांना टी-आय-ओ-एन. पेन्शन आणि टेन्शन यांना एस-आय-ओ-एन. कमिशन, ॲडमिशन यांना दोन एस. फॅशनला एस-एच, कारण तो फ्रेंचमधून येताना चांगलाच रूप पालटून आला.

यात दोन एसचा गट सर्वांत सोपा. ‘मिट’वर संपणारे क्रियापद असेल तर नाम ‘मिशन’ होते आणि त्यात एस नेहमी दोन असतात: ॲडमिट–ॲडमिशन, परमिट–परमिशन, ट्रान्समिट–ट्रान्समिशन. या सगळ्यांच्या मुळाशी ‘पाठवणे’ या अर्थाचे एकच लॅटिन क्रियापद आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांची झोप उडवणारे सबमिशनही त्याच घरातले. क्रियापदातच दोन एस असतील, तर तेही तसेच राहतात: डिस्कस–डिस्कशन, एक्स्प्रेस–एक्स्प्रेशन. ‘क्शन’ आणि ‘प्शन’ ऐकू आले तर जवळजवळ नेहमी टी: सेक्शन, इलेक्शन, ऑप्शन, करप्शन. ‘कॉम्प्लेक्शन’सारखा एक्सचा अपवाद विरळा. ‘एशन’ ऐकू आले तरी टीच: डोनेशन, रजिस्ट्रेशन, ॲप्लिकेशन.

खरी कसोटी लागते ती टेन्शनपाशी. टेन्शनला एस आणि अटेन्शनला टी, हे कोणत्या न्यायाने? दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदाची मुले. ‘टेंडरे’ म्हणजे ताणणे. नस ताणली की टेन्शन, आणि मन एखाद्या गोष्टीकडे ताणले की अटेन्शन. त्या लॅटिन क्रियापदाचे भूतकालवाचक रूप दोन प्रकारचे होते, एक टीचे आणि एक एसचे. काही शब्द एकावरून झाले, काही दुसऱ्यावरून. म्हणून एक्स्टेन्शन एस, इन्टेन्शन टी. इथे नियम हात टेकतो. पण का टेकतो हे कळले की ते दोन शब्द वेगळे लक्षात राहतात, आणि शिकणाऱ्याला एवढे पुरते.

‘शन’ माहीत झाला की सुरुवातीचा ड्रायव्हर-कंडक्टरचा प्रश्नही बराचसा सुटतो. ज्या क्रियापदाला ‘शन’ लागतो, त्याच्या कर्त्याला बहुधा ओ-आर लागतो. ॲक्शन–ॲक्टर, इन्स्पेक्शन–इन्स्पेक्टर, कलेक्शन–कलेक्टर, डायरेक्शन–डायरेक्टर, ऑपरेशन–ऑपरेटर, एडिशन–एडिटर, प्रोफेशन–प्रोफेसर, सुपरव्हिजन–सुपरव्हायझर. दोन्ही प्रत्यय लॅटिनचे, म्हणून ते सोबत हिंडतात. टीचरला ‘शन’ नाही, ड्रायव्हरला नाही, पेंटरला नाही, बेकरला नाही, ते ई-आर. अपवाद आहेत. एक्स्प्लोरेशन असूनही एक्स्प्लोरर ई-आर, प्रमोशन असूनही प्रमोटर ई-आर, आणि आपला रोजचा कॉम्प्युटरही ई-आर. पण अपवाद बोटांवर मोजून पाठ करता येतात आणि बाकी सगळे नुसत्या विचाराने येते.

यानंतर जो शेवट येतो त्यात मराठी माणसाची बाजू वरचढ आहे. ‘एबल’ आणि ‘इबल’ या दोन प्रत्ययांत इंग्रजांच्या उच्चारात जवळपास फरक उरलेला नाही, त्यामुळे त्यांची मुले इथे हमखास चुकतात. आपण इंग्रजी बहुतांशी डोळ्यांनी शिकलो, पुस्तकातून. म्हणून आपण ‘कम्फर्टेबल’, ‘अव्हेलेबल’, ‘रीझनेबल’ म्हणताना ‘ए’ लावतो आणि ‘पॉसिबल’, ‘फ्लेक्सिबल’, ‘हॉरिबल’ म्हणताना ‘इ’. साहेबाला हा उच्चार अडाणी वाटेल. स्पेलिंगच्या दृष्टीने तो सोन्यासारखा आहे. रजिस्ट्रारचा ‘आ’ही आपण असाच जपला आहे, आणि ‘इलेक्ट्रिशियन’, ‘ब्युटिशियन’ यांचा ‘शियन’ आपण ‘शन’मध्ये मिसळू दिलेला नाही, माणसाचा धंदा सांगणारा हा शेवट सहसा सी-आय-ए-एन असाच लिहायचा असतो. मराठी उच्चारावर कुठे विसंबायचे आणि कुठे नाही, याची यादी या पुस्तकात मुद्दाम दिली आहे. परदेशी लेखकांच्या पुस्तकांत ती असण्याचे कारणच नाही.

ज्यांना उच्चाराची खात्री नाही, त्यांच्यासाठी कारणही सांगतो. लॅटिन क्रियापदांचे गण होते. पहिल्या गणातल्या क्रियापदांनी ‘ए’ दिला, इतरांनी ‘आय’. पुढे ए-बी-एल-ई हा प्रत्यय इंग्रजीत रुळला आणि कोणत्याही अस्सल इंग्रजी क्रियापदाला लागू लागला: रीडेबल, वॉशेबल, आजचे रिचार्जेबल आणि डाउनलोडेबलही. आय-बी-एल-ईच्या घरात मात्र आता नवी भर सहसा पडत नाही. म्हणून ढोबळ नियम असा: प्रत्यय काढल्यावर मागे पूर्ण इंग्रजी शब्द उरला तर ए, अर्धवट तुकडा उरला तर आय. ‘पॉस’, ‘टेर’, ‘व्हिझ’ हे काही शब्द नव्हेत. अपवादांत ‘सेन्सिबल’ आणि ‘कोलॅप्सिबल’ येतात, आणि सर्वांत खट्याळ म्हणजे ‘इर्रेझिस्टिबल’: तिथे आय, पण त्याच क्रियापदाच्या ‘रेझिस्टन्स’मध्ये ए.

तो ए कुठून आला, हे ‘अन्स’च्या प्रकरणात येते. लॅटिनमध्ये इथेही गणाप्रमाणे ए आणि ई असे दोन भाग होते. फ्रेंचने ती वाटणी मोडून सरसकट ए केला. त्यामुळे जे शब्द फ्रेंचच्या वाटेने आले त्यांच्यात ए आणि जे पंडितांनी थेट लॅटिनमधून उचलले त्यांच्यात मूळचा ई. म्हणून असिस्टन्स ए आणि एक्झिस्टन्स ई. यावरही नात्याची युक्ती चालते. डिफरन्स–डिफरेन्शियल, प्रेफरन्स–प्रेफरेन्शियल, रेसिडेन्स–रेसिडेन्शियल, कॉन्फिडन्स–कॉन्फिडेन्शियल: सगळीकडे ‘एन्’ ऐकू येतो, म्हणून ई. सर्कमस्टन्सचे ‘सर्कमस्टॅन्शियल’ होते, म्हणून ए. ज्यांना असा मोठा भाऊ नाही, ते बहुधा अख्ख्या क्रियापदाला प्रत्यय लावून झालेले शब्द असतात आणि त्यांना ए लागतो: अटेंडन्स, अलाउन्स, परफॉर्मन्स, क्लिअरन्स. सोसायटीच्या नोटिशीतल्या ‘मेंटेनन्स’कडे मात्र नीट पाहावे. त्याच्या शेवटी ए आहेच, पण मधल्या ‘टे’ला एकटा ई आहे. क्रियापदातला ए-आय तिथे येत नाही. तो ए-आय घालून लिहिलेली नोटीस लिफ्टशेजारी लागलेली आपण सर्वांनी पाहिली आहे.

काही ठिकाणी नाते माहीत असूनही सावध राहावे लागते. ‘सीड’ या आवाजावर संपणारी क्रियापदे घ्या. सी-ई-ई-डी असे फक्त तीन: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. एस-ई-डी-ई असे फक्त एक, सुपरसीड. त्याचे मूळ ‘वर बसणे’ या अर्थाच्या वेगळ्याच क्रियापदात आहे. उरलेली सगळी सी-ई-डी-ई. चार शब्द पाठ केले की हे प्रकरण संपले. त्यात एकच खाच: ‘प्रोसीजर’ झाला की दोनपैकी एक ई गळतो.

दुसरा सापळा एकाच उच्चाराच्या शब्दजोड्यांचा. ‘स्टेशनरी’ ए-आर-वाय लिहिले तर अर्थ ‘एका जागी उभे असलेले’ असा होतो. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय. ती विकणारा ‘स्टेशनर’ ई-आर असतो, एवढे धरून ठेवले तर पाटी चुकत नाही. कॉलेजचे प्रिन्सिपल ए-एल, माणसाचे प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व एल-ई. इथे कॉम्प्युटरचा स्पेल-चेक मदत करीलच असे नाही, कारण दोन्ही स्पेलिंगे आपापल्या जागी बरोबर आहेत.

तिसरा सापळा ब्रिटिश आणि अमेरिकन रिवाजांचा. ‘लायसन्स’ हे नाम असेल तर ब्रिटिश सी लिहितात, क्रियापद असेल तर एस. अमेरिकन दोन्हीकडे एस. आपला १९८८चा मोटार वाहन कायदा इंग्रजीत सी लिहितो, ड्रायव्हिंग स्कूलची पाटी पुष्कळदा एस. ‘आइझ’ आवाजाच्या क्रियापदांत झेड म्हणजे अमेरिकन आणि एस म्हणजे ब्रिटिश, असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी स्वतः झेड पसंत करते, कारण हा प्रत्यय मूळचा ग्रीक आणि ग्रीकमध्ये तिथे झेडच होता. पण ॲडव्हर्टाइज, सुपरवाइज, एक्सरसाइज, सरप्राइज यांत तो ग्रीक प्रत्यय नाहीच, त्यामुळे तिथे एस. सल्ला एकच: एका लेखनात एकच रिवाज पाळावा. महाराष्ट्रातल्या शाळा, न्यायालये आणि सरकारी कार्यालये ब्रिटिश रिवाज पाळतात, म्हणून या पुस्तकातही तोच पाळला आहे. कॉम्प्युटरवरची भाषा ‘इंग्लिश, इंडिया’ अशी निवडून ठेवली की निम्म्या लाल रेघा आपोआप जातात.

हा सगळा व्याप मोडून उच्चाराप्रमाणे सरळ लिहावे, असे म्हणणारे इंग्रजीतही झाले. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी आदेश मागे घ्यावा लागला. या सुधारकांची तळमळ खरी होती. पण ‘मेजर’च्या शेवटी उच्चाराप्रमाणे ई-आर लिहिला, तर ‘मेजॉरिटी’शी त्याचे नाते डोळ्यांना दिसेनासे होईल. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाले यांनी १९६८च्या आपल्या ग्रंथात याच दिशेने मत मांडले: प्रचलित इंग्रजी स्पेलिंग शब्दांचे मूळ रूप दाखवायला जवळजवळ आदर्श आहे. मला ‘आदर्श’ हा शब्द जरा जास्त वाटतो. पण इंग्रजी स्पेलिंग आवाजाशी बेइमान असले तरी घराण्याशी इमान राखते, हे मान्य करावे लागते.

अमेरिकेत १९२५ पासून राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा भरते. २०१९ साली तिथे आठ मुले मिळून विजेती ठरली, आणि त्यांतली सात भारतीय वंशाची होती. मंचावर शब्द कानी पडला की स्पर्धकाला अर्थ विचारता येतो, आणि शब्द कोणत्या भाषेतून आला हेही विचारता येते. ऐकलेला आवाज पुरेसा नाही हे त्या मुलांना ठाऊक असते, म्हणून ती शब्दाचे घर विचारतात. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आपल्या मुलांना शब्दाचे घर विचारायला शिकवण्यासाठी दहा वर्षे मिळतात. ती दहा वर्षे घोकण्यात जाऊ नयेत, यासाठी हा खटाटोप.

पुस्तकाची मांडणी शेवटांप्रमाणे आहे. प्रत्येक प्रकरणात आधी त्या शेवटाचे शब्द मराठी बोलण्यातून घेतले आहेत, मग त्यांची घरे, मग उपयोगी पडणारी खूण, आणि शेवटी पाठच करावे लागणारे अपवाद. अपवादांच्या याद्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत. ज्याला कारण देता येते तो शब्द यादीत घातलेला नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी थेट याद्यांकडे धावू नये, कारण परीक्षेत येणारा शब्द यादीत असेलच असे नाही. नात्याची युक्ती मात्र न पाहिलेल्या शब्दावरही चालते.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे की शंका आली की आधी शब्द लांब करून मोठ्याने म्हणून पाहा. उत्तर मिळाले नाही तर डिक्शनरी उघडा, पण स्पेलिंग दिसताच ती मिटू नका; व्युत्पत्तीची ओळही वाचा. आणि शिक्षकांना विनंती आहे की मुलाचे स्पेलिंग चुकले तर तो शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगू नका. त्याच शब्दाचे दोन नातेवाईक शोधून आणायला सांगा.